घरातील लेखनिक

‘मुलाचे लेखन सुधारावे कसे?’ हा प्रश्न पुण्या-नाशिकाच्या घरात परीक्षेतील गुणांपुरता असू शकेल. सुरतेतील जुन्या मराठी घरांत मात्र त्याला एक निराळी काळजी चिकटलेली असते. आपल्याकडे मुलाची शाळा गुजराती किंवा इंग्रजी, गल्लीतील व्यवहार गुजराती-हिंदीतला, आणि मराठी उरते ती स्वयंपाकघरात, देवघरात व आजीच्या तोंडी. मूल मराठी बोलते. लिहावयास सांगितले की अडते. गायकवाडीच्या किंवा मुंबई इलाख्याच्या चाकरीत, लेखणीच्या बळावर तापीकाठी स्थिरावलेली कित्येक घराणी आपल्यात आहेत. त्यांच्याच चौथ्या-पाचव्या पिढीला मराठीत चार ओळींचे पत्र जड जावे, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे. यावरचा उपाय बहुधा मुंबई-पुण्याहून विकत आणला जातो : सुलेखनाची वही आणि आदर्श निबंधांचा संग्रह. प्रस्तुत लेखात या प्रकारच्या पुस्तकांकडे थोडे चिकित्सक दृष्टीने पाहावे, आणि घरी लेखन शिकण्याविषयी मराठी वाङ्मयाने स्वतः काय नोंदवून ठेवले आहे ते त्याच्या शेजारी ठेवून तपासावे, असा विचार आहे.

निबंधसंग्रहांची घडण सर्वांच्या परिचयाची आहे. वर्णनात्मक, आत्मकथनात्मक, वैचारिक, कल्पनाप्रधान असे त्यांचे विभाग असतात. पावसाळ्यातील एक दिवस, फाटक्या पुस्तकाचे मनोगत, परीक्षा नसत्या तर, अशी त्यांतील ठरावीक विषयांची रांग. भाषा शुद्ध, परिच्छेद आटोपशीर, शेवटी एखादे सुभाषित. वाङ्मयप्रकार म्हणून या निबंधांचा विचार केला तर त्यांतील दोष भाषेचा नसून भूमिकेचा आहे, असे दिसते. या निबंधांना सांगणारा नाही आणि ऐकणाराही नाही. फाटके पुस्तक बोलते, परंतु ते कोणाच्या घरातले, कोणत्या इयत्तेचे, कोणी फाडले, हे त्याला ठाऊक नसते. पावसाळ्यातील दिवस कोणत्याही गावचा असू शकतो. तापीला आलेला पूर आणि घरात शिरलेले पाणी यांच्या हकीकती ज्या घरातून मुलांना जेवताजेवता सांगितल्या जातात, त्या घरातील मूल निबंधात मात्र ‘मातीचा सुगंध दरवळला’ एवढेच लिहिते. आपल्या अनुभवाला लेखनात जागा नाही, लेखन म्हणजे दुसऱ्याची वाक्ये व्यवस्थित मांडणे, हा धडा ते नकळत गिरवते. पुढे त्याचे हस्ताक्षर कितीही वळणदार झाले तरी हा धडा पुसला जात नाही.

याच्या उलट मराठी वाङ्मयाची परंपरा पाहावी. तिच्या उगमापाशी सांगणारा आणि लिहून घेणारा अशा दोन व्यक्ती उभ्या आहेत. नेवाशास ज्ञानदेवांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हा काल आणि लेखनिकाचा आदरपूर्वक उल्लेख ग्रंथाच्या शेवटी नोंदलेला आहे. ‘दासबोधा’च्या लेखनाशी कल्याणस्वामींचे नाव असेच जोडले गेले आहे. सांगणे ही एक शक्ती आणि लिहिणे ही दुसरी, आणि पहिली दुसरीसाठी खोळंबून राहत नाही, हे आपल्या पूर्वजांनी गृहीतच धरले होते.

या विभागणीचे अलीकडचे आणि सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्याच्या या कवयित्रीस लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या गाणी रचीत, आणि घरातील मंडळींनी, विशेषतः पुत्र सोपानदेवांनी, त्यांतील काही टिपून ठेवली. १९५१ साली त्या निवर्तल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली. घरात लिहून घेणारा नसता तर हे धन मातीमोल झाले असते, असे आपण नेहमी म्हणतो. पण यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. लिहून घेणाऱ्याने जर त्या वेळी बहिणाबाईंची बोली ‘शुद्ध’ करून घेतली असती, तरीही ते धन गेलेच असते. लेखनिकाचा पहिला गुण ऐकणे हा होय, आणि दुसरा गुण ऐकले तसे उतरविणे हा.

पाच-सहा वर्षांच्या मुलाची स्थिती या दृष्टीने बहिणाबाईंसारखीच असते. त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. हात मात्र अजून वळलेला नसतो. ‘क’ची गाठ नीट यावी म्हणून जीभ बाहेर काढून बसलेल्या मुलाला त्याच वेळी विचारही करावयास लावणे म्हणजे एका हाताने दोन नावा वल्हविण्यास सांगणे आहे. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्याने त्याचा लेखनिक व्हावे. मुलाने सांगावे, आईने किंवा आजोबांनी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवावे. आपल्या तोंडचे वाक्य कागदावर गेले आणि कागदावरून तसेच्या तसे परत आले, हे मुलाला एकदा कळले की लेखन म्हणजे काय याची अर्धी उकल झाली. सुलेखनाची वही ही उकल करून देऊ शकत नाही, कारण तिच्यातील वाक्य मुलाचे नसते.

या सुरत शहराच्या इतिहासातही लेखनिकाचे हे महत्त्व ठळकपणे दिसते. १८४४ साली येथे मानवधर्मसभा स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत गुजराती शिक्षक दुर्गाराम मंछाराम मेहताजी होते, आणि येथील सरकारी इंग्रजी शाळेत असलेले आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर हेही होते. सभेत काय बोलले गेले, कोणी काय विचारले, याची नोंद दुर्गाराम ठेवीत असत. त्या नोंदींच्या आधारे महीपतराम रूपराम यांनी १८७९ मध्ये त्यांचे चरित्र सिद्ध केले, आणि गुजराती आत्मपर गद्याच्या आरंभीच्या नमुन्यांत त्या नोंदींची गणना होते. थोडक्यात, बोललेले टिपून ठेवण्याच्या साध्या सवयीतून एका भाषेच्या गद्याला नवे वळण मिळाले. दुर्गारामांच्या पाठोपाठच्या पिढीतील कवी नर्मद, ज्यांनी १८६६ साली ‘मारी हकीकत’ लिहून गुजराती आत्मचरित्राचा पाया घातला, तेही सुरतेचेच आणि लेखनिकाचे पुत्र. त्यांचे वडील लालशंकर मुंबईत लेखनिकाचे काम करीत. घरात लेखणी चालताना पाहणे हेही एक शिक्षण असते.

लेखनिकानंतरची पायरी वाचकाची. मूल स्वतः लिहू लागले की त्याला हवा असतो तो आपले लेखन खऱ्या अर्थाने वाचणारा माणूस. या बाबतीत चिपळूणकरांचे घर अभ्यासण्यासारखे आहे. विष्णुशास्त्र्यांना ‘मराठी भाषेचे शिवाजी’ म्हणून आपण ओळखतो आणि १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’च्या ८४ अंकांचा अभिमान बाळगतो. परंतु त्या लेखणीची तालीम कोठे झाली? वडील कृष्णशास्त्री यांनी चालविलेले ‘शालापत्रक’ पुढे मुलाच्या हाती आले आणि १८७५ मध्ये बंद पडेपर्यंत त्यांनी ते सांभाळले. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडिलांनी आरंभलेले भाषांतर मुलाने पुरे केले. बाप-लेकांच्या मतांत आणि शैलीत अंतर होते. तरीही एकाच मजकुरावर दोघांची लेखणी फिरली. वडिलांनी मुलाला कल्पित विषयावर निबंध लिहावयास न बसविता, खरोखर छापले जाणारे आणि वाचले जाणारे काम त्याच्यापुढे ठेवले. विष्णुशास्त्र्यांच्या वाक्यात वाचकाशी समोरासमोर वाद घालण्याची जी ऐट आहे, तिचे मूळ मला या तालमीत दिसते.

सर्वच घरांत छापखान्याशी संबंध असणार नाही, हे उघड आहे. म्हणून दुसऱ्या दोन घरांकडे वळू. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० चे, आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रां’चे भाग १९३४ ते १९३६ या काळातले. दोघींचे शालेय शिक्षण नाही, दोघींची अक्षरओळख लग्नानंतर, पतीच्या पुढाकाराने, घरातच झाली. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या रमाबाईंना न्यायमूर्तींनी लगोलग शिकविण्यास घेतले, आणि घरातील वडील स्त्रियांचा विरोध सोसून त्या शिकल्या. लक्ष्मीबाईंचे शिक्षण नारायण वामन टिळकांच्या लहरीप्रमाणे तुकड्यातुकड्याने झाले. दोन्ही पुस्तके मराठी गद्याची भूषणे आहेत; पण त्यांची जात निराळी आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे.

रमाबाईंचे गद्य संयत, नेटके, निर्दोष आहे. त्यांना शिकविणारा नियमित होता, चिकाटीचा होता, आणि विद्यार्थिनीच्या प्रगतीकडे त्याचे बारीक लक्ष होते. या शिस्तीचे फळ पानोपानी दिसते. परंतु या पुस्तकाचा नायक शिक्षकच आहे. त्याचा उल्लेखही नावाने येत नाही. १९३८ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतराचे नावच मुळी ‘हिमसेल्फ’ असे ठेवले गेले. लिहिणारीचा स्वतःचा आवाज आदराच्या पडद्यामागून येतो. लक्ष्मीबाईंचे तसे नाही. त्यांचा शिक्षक रागीट, विसराळू, अर्ध्यावर शिकवणी सोडून देणारा. आणि त्या त्याच्याकडे प्रेमाने पाहतात तसे हसूनही पाहतात. त्यांचे वाक्य बोलण्याच्या लयीतून उठते आणि बोलण्याच्या लयीतच थांबते. टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पुढे नेऊन पूर्ण केले, हे ध्यानात घेतले म्हणजे तुकड्यातुकड्याच्या त्या शिक्षणात काहीतरी अस्सल शाबूत राहिले होते, याची खात्री पटते.

यावरून बेशिस्त चांगली आणि शिस्त वाईट असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. रमाबाईंच्या वाट्याला आलेली शिस्त नसती तर सार्वजनिक जीवनातील त्यांचे कार्य उभे राहिले नसते. निष्कर्ष इतकाच की, शिकविणारा वाचक झाला तर लिहिणारा मोकळा होतो, आणि तो सतत परीक्षकच राहिला तर लिहिणारा त्याच्या मर्जीचे लिहितो. आपल्या घरांतून मुलाने लिहून आणलेला कागद हाती घेताच पालकाचा डोळा प्रथम वेलांटीकडे जातो. मूल विचारते, ‘आई, गोष्ट कशी झाली?’ आणि उत्तर मिळते, ‘हे ‘पाणी’ पहिल्या वेलांटीचे का लिहिलेस?’ हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते दुसऱ्याच प्रश्नाचे आहे. दोन-चार वेळा असे झाले की मूल गोष्ट विचारणे सोडून देते.

तिसरी पायरी अर्थातच तपासनिसाची. ती वगळावी असे येथे सुचवावयाचे नाही. ज्या परंपरेत ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे, त्या परंपरेचे आपण वारस. त्या समासात समर्थांनी अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे, ओळी सरळ चालाव्यात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकच राहावे, पानाच्या भोवती जागा सोडावी, असे किती बारकाईने सांगितले आहे! सुलेखनाच्या वह्यांचे समर्थक या समासाचा आधार घेतात आणि तो रास्तही आहे. परंतु समास लक्ष देऊन वाचला तर त्यात वाचणाऱ्याचीच चिंता ओतप्रोत भरलेली आढळते. तरुणपणी फार बारीक लिहिले तर म्हातारपणी ते कामास येणार नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावे, हा उपदेश सौंदर्याचा कमी आणि वाचकाच्या सोयीचा अधिक आहे. शिवाय हा समास ग्रंथाची प्रत करणाऱ्यासाठी आहे, स्वतःचे काही सांगणाऱ्यासाठी नाही. त्याला घरच्या लेखनशिक्षणाचा शेवट समजावे. आरंभ समजू नये.

शुद्धतेच्या बाबतीत सुरतेतील मुलाची एक खास अडचण आहे, जिचा विचार मुंबई-पुण्याची पुस्तके करीत नाहीत. ते मूल दोन लिप्यांत वाढते. गुजराती अक्षरांना शिरोरेषा नाही. ख, च, ज, झ, फ, भ यांची वळणे देवनागरीहून निराळी आहेत. गुजराती रूढीप्रमाणे शब्दाच्या शेवटचा उकार सामान्यतः ऱ्हस्व लिहितात, तर मराठीत अंत्य इकार-उकार दीर्घ. त्यामुळे शाळेत जो ‘लाडु’ बरोबर, तोच घरी ‘लाडू’ न लिहिल्यास चूक ठरतो. मुलाच्या दृष्टीने हा अज्ञानाचा भाग नसून दोन कायद्यांचा झगडा आहे. ‘तुला येत नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘तिकडे तसे, इकडे असे’ एवढे सांगितले तर मूल चटकन समजते, आणि दोन्ही भाषांविषयी त्याचे कुतूहल वाढते.

या संदर्भात दोन भाषांतील संज्ञाही पाहण्याजोग्या आहेत. ज्याला गुजरातीत ‘जोडणी’ म्हणतात, त्याला मराठीत आपण ‘शुद्धलेखन’ म्हणतो. गांधीजींच्या प्रेरणेने गुजरात विद्यापीठाने १९२९ साली ‘जोडणीकोश’ काढला. मराठी साहित्य महामंडळाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. शिस्त दोन्हीकडे आहे. पण ‘जोडणी’ या शब्दात अक्षरे जुळविण्यापलीकडे काही सुचविलेले नाही, तर ‘शुद्धलेखन’ या शब्दात वेलांटी चुकलेले लेखन जणू सोवळे मोडल्यासारखे अशुद्ध ठरते. मराठी पालकाच्या मनातील धास्तीला हा शब्दही थोडाबहुत कारण असावा. दादोबांनी १८३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले आणि पुढे त्यांना मराठीचे पाणिनी म्हटले गेले. पण तेच दादोबा आत्मचरित्र लिहावयास बसले तेव्हा त्यांनी आपल्या काळची माणसे आणि हकीकती जिवंत केल्या. नियम जाणणारा माणूस नियमांखाली दबून गेला नाही, ही गोष्ट आपण पुढे ठेवावी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. आजच्या घरात आई-वडील दोघेही नोकरी-व्यवसायात. कित्येकदा त्यांनाच मराठी लिहिण्याचा सराव नाही. मुलाचा लेखनिक, वाचक आणि तपासनीस व्हावयास वेळ कोणाला आहे? निबंधाचे पुस्तक निदान हाती देता तरी येते. आक्षेपातील अडचण खरी आहे. तरी उत्तर आपल्या घरातच बसलेले असते, बहुधा झोपाळ्यावर. आजी-आजोबांजवळ वेळ आहे, भाषा आहे, आणि सांगण्यासारखे आहे. त्यांचे डोळे थकले असतील, हात कापत असेल. तेथे भूमिका उलट करता येते : त्यांनी सांगावे आणि नातवाने लिहून घ्यावे. आपले घराणे कोणत्या गावाहून, कोणाच्या चाकरीत, कसे येथे आले. दिवाळीच्या चकलीच्या भाजणीचे प्रमाण काय. १ मे १९६० रोजी मुंबई राज्य दुभंगले आणि नातलग दोन राज्यांत विभागले गेले तेव्हा घरात काय बोलणे झाले. या मजकुराला सांगणारा आहे, ऐकणारा आहे, आणि चुकल्यास ‘असे नव्हे रे, मी काय म्हणाले ते लिही’ म्हणून थांबविणारी तपासनीसही आहे. लेखनशिक्षणाच्या तिन्ही पायऱ्या येथे एकाच बैठकीत येतात. एखाद्या घरी आठवड्यातून अर्धा तास जरी हे चालले, तरी वर्षाकाठी वही भरेल, आणि ती वही बाजारातील कोणत्याही निबंधसंग्रहाहून मोलाची असेल.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही, याची साक्ष आपल्याच पेट्यांत पडलेली आहे. जुन्या घरांतील दस्तऐवज, हिशेबाच्या चोपड्या आणि पत्रे मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाणारी ही लिपी एका पिढीने सोडली आणि दुसऱ्या पिढीला पणजोबांचे पत्र वाचता येईनासे झाले. बालबोध लिपीचेही आपल्या घरांपुरते तसेच होऊ शकते. त्यासाठी कोणी बंदी घालावी लागत नाही, लिहिणारे थांबले की पुरे. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शिक्षणात मराठी माध्यमाच्या शाळांना स्थान मिळालेले आहे, आणि खानदेशातून उधना-लिंबायतेकडे आलेल्या कष्टकरी कुटुंबांची मुले त्यांत शिकतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांची मुले त्या शाळांत जात नाहीत. त्यांच्या मराठी लेखनाची शाळा घराखेरीज दुसरी नाही, आणि त्या शाळेतील शिक्षकाने लाल शाई हाती घेण्यापूर्वी निदान एकदा तरी मुलाला म्हणावे : ‘सांग, मी लिहून घेतो.’